पाणी कुणाचं

"शेवंते, आज बी पानीच!"

उत्तम इतक्या मोठ्यानं ओरडला, की दूध घालून झाल्यावर कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेली माणसं दारातून आत डोकावली. त्याला तेच हवं होतं. आमच्या गावच्या डेअरीत तो दूध मोजायला बसायचा, आणि मोजण्यापेक्षा ओरडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

माझी आई, शेवंता, तोंड पाडून किटली धरून उभी राहिली. मी बोलले.

"कसलं पाणी?"

"ही कोन? यशी का गं तू? केवढी झालीस!" त्यानं टेबलावरच्या मशीनकडं बोट केलं. "शिकलीस न्हवं? मग वाच की. फॅट तीन पॉइंट दोन. पानी अठरा टक्के. मी न्हाई म्हनत, मशीन म्हनतंय."

मशीन म्हणजे एक पांढरी पेटी. पुढं लाल आकडे, खाली बारीक नळी आणि एकच बटण. नळीखाली दुधाचा कप धरायचा, बटण दाबायचं. पेटी घरघर करत दूध आत ओढायची आणि जरा वेळानं आकडे दाखवायची. दुधात फॅट किती, पाणी किती. दुधाचा भाव त्यावरच ठरायचा. ती पेटी आल्यापासून तिच्या आकड्यापुढं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

मी तेव्हा तालुक्याला पॉलिटेक्निकमध्ये होते, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. होस्टेलवरून दिवाळीच्या सुट्टीला आदल्या दिवशीच घरी आले होते. मैना, आमची गाय, आईनं माझ्यासमोर पिळली होती. किटली घेऊन मीच आईच्या बरोबरीनं चालत आले होते. त्या दुधात पाणी घालायला वाटेत कुठं नळसुद्धा नव्हता. अठरा टक्के काय आभाळातून पडलं?

"परत मोजा," मी म्हटलं.

"पहिलं रीडिंग तेच खरं. नियम हाय."

"कुणाचा नियम?"

"डेअरीचा."

मी काही फार सोशीक बाई नाही. आजही नाही, तेव्हा तर मुळीच नव्हते. टेबलावरचा कप उचलला, किटलीतलं दूध त्यात ओतलं, नळीखाली धरला आणि बटण दाबलं.

"ए! ए पोरी! मशीनला हात लावू नको!"

तो ज्या तऱ्हेनं ओरडला, ती तऱ्हा मी लहानपणापासून ओळखत होते. हापशावर ऐकली होती, पिठाच्या गिरणीत ऐकली होती. मी हात काढला नाही. लाल आकडे आले. तीन पॉइंट सात. पाणी सहा टक्के.

कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, "आँ?"

मी कप रिकामा केला, पुन्हा त्याच किटलीतून भरला, पुन्हा बटण दाबलं. चार. पाणी शून्य.

"आता?" मी म्हटलं. "आता कुठं गेलं पाणी? मशीननं पिऊन टाकलं?"

उत्तमनं भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. आकडे विझले. "बघितलंत मंडळी? एकाच दुधाचं रीडिंग खालीवर नाचतंय. म्हंजे दुधातच खोट हाय. चेअरमन आबास्नी सांगतो मी. उद्या सकाळी आबा येनार हैत. शेवंते, लई येळा सांगून झालं तुला. उद्या फळ्यावर नाव लागनार तुजं."

आई पहिल्यांदा हलली. "उत्तमराव, फळ्यावर नका. मी पाया पडते."

तिनं खरंच वाकायला सुरुवात केली. मी तिचा दंड धरून तिला ओढत बाहेर काढलं. आई इतकी हलकी झाली होती हे मला त्या वेळी कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

फळा डेअरीच्या दारालाच होता. दुधात पाणी घालणाऱ्याचं नाव त्यावर खडूनं लिहायचं आणि त्याचं दूध बंद करायचं, असा ठराव होता. नाव एकदा चढलं की तालुक्यातली एकही डेअरी त्या माणसाचं दूध घेत नसे, कारण टँकरचा ड्रायव्हर गावोगाव बातमी पोचवायचा. आमच्या वस्तीत गाय एकट्या आईची होती. बाबा गेल्यावर तिनं लोकांच्या बांधावरचं गवत कापून ती वाढवली. मैनाच्या दुधावर आमची चूल चालत होती, ते एक झालं. पण आईला त्याहून मोठी वाटायची ती दुसरी गोष्ट. शेवंताचं दूध म्हणजे चोख. हे ती कुणासमोर बोलायची नाही, पण किटली घासताना तिच्या तोंडावर दिसायचं.

घरी आल्यावर तिनं भाकरी थापायला घेतली आणि मी शिव्या द्यायला.

"तो उत्तम्या काहीतरी करतोय. बोटानं काहीतरी दाबतोय."

"एकच बटन हाय त्याला. काय दाबंल?"

"मग आकडा बदलला कसा? दूध तेच, किटली तीच!"

"ते तुला कळाय पायजे. तू शिकतीस." आईनं भाकरी तव्यावर टाकली. "काय असतं गं त्या पेटीत?"

मला चीड आली होती, पण आईनं असं काही विचारलेलं मला नेहमी आवडायचं. मी तिच्याजवळ बसले. "आत नखाएवढा काळा तुकडा असतो. मायक्रोकंट्रोलर म्हणतात त्याला. सरपंचाच्या घरच्या वॉशिंग मशीनमध्ये तोच, टीव्हीच्या रिमोटमध्ये तोच, रिक्षाच्या मीटरमध्ये पण तोच."

"आन तो ठरवतो पानी किती?"

"तो काही ठरवत नाही. त्याला अक्कल नसते. कुणीतरी कंपनीत बसून त्याला कामाची यादी लिहून देतं. दूध ओढ, मोज, आकडा दाखव. तेवढंच तो करतो, जन्मभर, न कंटाळता. यादीत चूक असली तर तीच चूक जन्मभर करतो."

"गड्यासारखा."

"गडी निदान मनातून शिव्या घालतो. हा तेही करत नाही."

आई हसली. मग मी तिला आमच्या कॉलेजातली गंमत सांगायला लागले. आम्ही असाच तुकडा बसवून तापमान दाखवणारं यंत्र केलं होतं. बर्फातून काढून ते चहात बुडवलं तर आकडा एकदम वर जायचा नाही, पायरी पायरीनं चढायचा. कारण आम्ही त्याला लिहून दिलं होतं, की एका मोजणीवर विसंबू नको, मागच्या काही मोजण्या लक्षात ठेव आणि सगळ्यांची सरासरी दाखव. त्यानं आकडा थरथरत नाही. पण चहात गेल्यावरही थोडा वेळ त्याच्या डोक्यात बर्फ असतो.

बोलता बोलता मी थांबले.

"आई, आपल्या आधी कुणाचं दूध मोजलं होतं?"

"कुनाचंच न्हाई. सगळ्यांचं झालं की उत्तमराव मशीन धुतो. मग माझं घेतो."

"धुतो कसं?"

"कसं म्हंजे? गरम पान्याचा तांब्या घेतो, कप भरतो, नळीखाली धरतो, बटन दाबतो."

तेच बटण! मी उभीच राहिले. पेटीला धुणं माहीतच नव्हतं. तिच्या दृष्टीनं ते कुणाचंतरी दूधच होतं, नुसतं पाणी असलेलं. ते तिनं मोजलं, लक्षात ठेवलं आणि पुढच्या माणसाच्या दुधात मिसळून सरासरी दाखवली. नवीन कप आला की मागचं विसरून जा, एवढं वाक्य लिहायला कंपनीतला कुणी शहाणा विसरला होता. गावात सगळी गाईचीच दुधं, आकडे इकडून तिकडं सारखेच. त्यामुळं एकाचं दुसऱ्यात मिसळलं तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. पाण्यानंतर येणारं दूध फक्त एक होतं. आणि सकाळी पेटी चालू करताना तिचं डोकं कोरंच असायचं, वीज गेली की ती सगळं विसरते.

मी आईला मिठी मारली. तिच्या हाताचं पीठ माझ्या केसांत लागलं. "सापडलं आई! उद्या बघच तू!"

आईनं भाकरी उलटली. तिला माझ्याइतका आनंद झालेला दिसला नाही.

"पण आई, तुझ्यानंतर तो परत धुतो का?"

"धुतो की."

"मग तुझ्या आधी कशाला धुतो? एकदाच शेवटी धुवायचं."

"पहिल्यापास्नं तसंच हाय," आई म्हणाली. "जेव आता. गार व्हईल."

सकाळी आम्ही आमच्या वेळेच्या आधी गेलो. डेअरीत रांग लागलेली होती. रांगेच्या तोंडाशी रेवतीवहिनी, चेअरमन आबांची सून, चकचकीत स्टीलचा कॅन घेऊन. त्यांचा नंबर रोज पहिला. आबा स्वतः खुर्चीत बसलेले, धोतराचा सोगा मांडीवर, हातात खडू. खडू त्यांनी घरून आणला होता की काय कोण जाणे. आई सवयीनं दाराबाहेर जोत्याच्या खाली थांबली. मी सरळ आत गेले.

"आबा, माझ्या आईचं नाव लिहायच्या आधी माझं ऐका."

"यशोधरा न्हवं तू? ये बाळ." आबांचा आवाज गोड. त्यांचा आवाज कायम गोड असायचा. "शिकतीस, चांगलं हाय. पर बाळ, मशीनपुढं माझंबी काय चालत न्हाई."

"मग मशीनलाच विचारू. वहिनींचं दूध मोजा आधी."

उत्तमनं मोजलं. तीन पॉइंट नऊ. पाणी शून्य.

"आता रोज आमच्या आधी धुता तसं धुवा."

"आत्ता? सगळी खोळंबलीत," उत्तम म्हणाला.

"धुवा म्हटलं ना! आणि मग वहिनींचंच दूध त्याच कॅनमधून परत मोजा."

रांगेत कुजबुज सुरू झाली. आबांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "कशापायी गं?"

"आबा, तुमच्या दुधाला कसली भीती?"

हे मी मुद्दाम म्हटलं. आबांना ते झोंबलं, आणि रेवतीवहिनींना त्याहून जास्त. "मोजा ओ भावजी," त्या तावातावानं म्हणाल्या. "धा येळा मोजा. आमच्या दुधाला कोन बोट लावतंय बघतेच मी."

उत्तमनं गरम पाण्याचा तांब्या उचलला, कप भरला, बटण दाबलं. पेटीनं पाणी ओढलं. मग त्यानं वहिनींच्या कॅनमधून कप भरला. पुन्हा बटण. सगळी रांग वाकून बघायला लागली.

तीन पॉइंट एक. पाणी एकोणीस टक्के.

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया!"

वहिनींचा चेहरा लालबुंद झाला. "हे वो काय, मामंजी?"

आबा खुर्चीतून उठले. "उत्तम! मशीन बिघडलं का काय?"

"बिघडलंय, आबा!" उत्तम घाईघाईनं म्हणाला. "नक्कीच बिघडलंय. कंपनीला फोन लावतो."

आणि मग माझं टाळकं सटकलं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की माझाच घसा फाटला.

"काल का नाही बिघडलं? परवा का नाही बिघडलं? माझ्या आईच्या दुधात पाणी निघालं की आई चोर, आबांच्या दुधात निघालं की मशीन बिघडलं? काल ती तुझ्या पाया पडत होती, उत्तमदादा! तेव्हा नाही सुचला कंपनीचा फोन?"

"आवाज खाली कर," आबा म्हणाले. गोडवा गेला होता.

"नाही करत! मशीन बंद करा आणि परत चालू करा. होऊ दे उशीर."

उत्तमनं आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली. पेटी बंद झाली, चालू झाली. ती तापून तयार व्हायला बराच वेळ घ्यायची. तोवर सगळे नुसते उभे. एका माणसालाही आईला "आत ये" म्हणावंसं वाटलं नाही. मीच जाऊन तिच्या हातातली किटली घेतली. "आई, ये आत." ती जोत्यावर चढली आणि उंबऱ्याशी थांबली.

आईचं दूध मोजलं. चार. पाणी शून्य. आबांच्या घरच्यापेक्षा पॉइंट एक जास्तच.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पेटी मागचं लक्षात ठेवते, पाणी मोजलं की पुढच्या दुधात ते मिसळते, बंद केली की विसरते. माझं बोलणं माणसांना पटलं. पटायला काय, डोळ्यांनी बघितलं होतं. एकजण म्हणाला, "हुशार हाय पोरगी." मला त्या कौतुकाची शिसारी आली. कालपर्यंत हीच तोंडं कट्ट्यावर बसून आईवर हसत होती.

"झालं तर मग," आबा म्हणाले आणि खडू खिशात टाकला. "शेवंताचं नाव काय लागत न्हाई. चूक मशीनची. मिटलं."

"मिटलं नाही. आईच्या आधी मशीन का धुतात, ते सांगा."

"का म्हंजे? कंपनीच्या मानसानंच सांगितलंय," उत्तम म्हणाला. "संकलन संपलं की धुवायचं."

"संपलं की?" मी म्हटलं. "आई दूध घेऊन दारात उभी असते, आणि संकलन संपलेलं असतं?"

उत्तमनं गरम पाण्याचा तांब्या टेबलाखाली सरकवला.

"बरं, मग तिचं दूध घेतल्यावर परत का धुता? कंपनीचा माणूस दोनदा धुवा म्हणाला?"

आता रांगेतली माणसं माझ्याकडं बघेनात. कुणी किटलीचं झाकण नीट करायला लागलं, कुणी पदर. सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना आधीपासून ठाऊक होतं, मलाही होतं. फक्त ते मोठ्यानं कुणी बोलायचं नसतं, एवढाच काय तो गावाचा चांगुलपणा.

"आमचं दूध तुमच्या कॅनमध्ये ओतलं तर चालतं," मी म्हटलं. "टँकरमध्ये चालतं. शहरात जाऊन चहात चालतं. तुमच्या मशीनच्या नळीला मात्र चालत नाही?"

"विषय मशीनचा हाय," आबा म्हणाले. "तिकडं नको नेऊस, बाळ. जुन्या चालीरीती एका दिवसात जात न्हाईत. उत्तम, इथनं पुढं असं करायचं. धुतलं की मशीन बंद करायचं, चालू करायचं, मग शेवंताचं घ्यायचं. जरा थांबंल ती. हाय का न्हाई सोपं? झालं न्हवं तुझ्या मनासारखं?"

आणि सगळ्यांनी माना हलवल्या! खरंच हलवल्या. किती न्यायाचं बोलले आबा, अशा. मशीनची चूक दुरुस्त झाली होती, आणि धुणं जागच्या जागी राहिलं होतं. मी इतकी वर्षं यंत्रांच्या चुका दुरुस्त करते आहे, पण इतकी वाईट दुरुस्ती पुन्हा कधी पाहिली नाही. मला रडू येत होतं, आणि त्या माणसांपुढं मला रडायचं नव्हतं.

तेवढ्यात आई बोलली. उंबऱ्यावरूनच, हळू.

"आबा, मशीन खोटं न्हाई बोललं."

"आँ?"

"पानी व्हतं, म्हनून पानी म्हनालं ते. फकस्त माझ्या किटलीत न्हवतं. तुमी धुनं काढलं, त्याचं व्हतं. इतके दिस तुमचं पानी माझ्या नावावर लागलं."

तिनं रिकामी किटली माझ्या हातातून घेतली आणि चालायला लागली. मागं आबा काहीतरी म्हणाले, बहुतेक "बरं बरं" म्हणाले. मी ऐकलं नाही.

वाटेत मी आईवर चिडले. "तिथंच थांबायचं होतंस. त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं, की घालत नाही दूध, जा!"

"आन कुठं घालू? वढ्यात?"

"मग काय, तसंच शेवटी उभी राहणार? आता तर मशीन तापेपर्यंत आणखी वेळ!"

"ती पेटी बंद करून चालू करायला लई येळ लागतो न्हवं?" आईनं विचारलं.

"लागतो. आज बघितलंस ना."

"आन बंद न्हाई केली तर धुन्याचं पानी पुढच्याच्या नावावर."

"हो. किती वेळा सांगू?"

आई भरभर पुढं चालायला लागली. संध्याकाळचं दूध तिनं डेअरीला घातलंच नाही. घरात दही लावलं, वस्तीतल्या पोरांना पेलाभर पेलाभर दिलं. मला वाटलं, संपलं सगळं. हार मानली हिनं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं मला हलवलं. गाय पिळून झाली होती. "चल."

"एवढ्या लवकर? डेअरी तरी उघडली असेल का?"

"म्हनून तर."

आम्ही पोचलो तेव्हा उत्तम शटर वर करत होता. आई जोत्याखाली थांबली नाही. जोत्यावर चढली, उंबरा ओलांडला आणि टेबलापुढं जाऊन उभी राहिली. जिथं रेवतीवहिनी उभ्या राहायच्या, बरोबर तिथं.

"हे काय, शेवंते?"

"दूध घालायला आले."

"तुझा नंबर शेवटचा अस्तो."

"कुठं लिवलंय?" आई म्हणाली.

उत्तमनं इकडंतिकडं बघितलं. फळ्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात रेवतीवहिनी कॅन घेऊन आल्या, आईला पाहून दारातच थबकल्या, आणि मागून एकेक माणूस येत रांग लागली. कुणी म्हणालं, "उरक की रं, टँकर येईल." उत्तमनं पेटी चालू केली. ती तापली. आईनं किटलीचं झाकण काढलं. कप भरला, बटण दाबलं गेलं. चार. पाणी शून्य. दूध कॅनमध्ये ओतलं गेलं, आणि आई बाजूला सरकली, फक्त एक पाऊल.

उत्तमचा हात सवयीनं गरम पाण्याच्या तांब्याकडं गेला. त्यानं कप भरला. नळीखाली धरला.

"भावजी!"

रेवतीवहिनी अशा किंचाळल्या, की उत्तमच्या हातातलं पाणी टेबलावर सांडलं.

"ते पानी खाली ठेवा! आता माझं दूध हाय! काल काय झालं बघितलं न्हाई का? एकोनीस टक्के आलं आमचं!"

"मग धुऊन बंद करतो वहिनी, चालू करतो..."

"आन परत तापाय किती येळ?" मागून ओरडा झाला. "टँकर निघून जाईल!" "ठेव रं ते पानी!" "घे की दूध, काय होतंय?" सगळी रांग एका तोंडानं ओरडत होती.

"पर वहिनी," उत्तम अगदी हळू म्हणाला, आणि डोळ्यांनी आईकडं खूण केली. "न धुताच?"

वहिनींनी आईकडं बघितलं. मग लाल आकड्यांकडं बघितलं. मग स्वतःच्या कॅनकडं.

"न धुताच," त्या म्हणाल्या आणि कॅन टेबलावर आदळला.

उत्तमनं तांब्या खाली ठेवला. आईच्या दुधाचा ओला कप वहिनींच्या कॅनमध्ये बुडाला, नळीखाली गेला, आणि पेटीनं आईच्या दुधानंतर आबांच्या घरचं दूध ओढून घेतलं. तीन पॉइंट नऊ. पाणी शून्य.

त्या दिवसापासून आई रोज पहिली. मध्ये धुणं बंद झालं. धुणं शेवटी, एकदाच, सगळे गेल्यावर. कुणाला लाज वाटली म्हणून नव्हे. आपलं फॅट पडेल म्हणून. हे आठवलं की माझा राग आजही तसाच्या तसा वर येतो. मी आता पुण्यात एका कंपनीत अशाच काळ्या तुकड्यांना कामं लिहून देते, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी बजावते, की दुसरा कप आला की पहिल्याचं पुसून टाका, विसरू नका. त्या मशीनमधली चूक एका ओळीत गेली असती. ते मशीन करणारी कंपनी माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही.

त्या सकाळी घरी परतताना मी आईला म्हटलं होतं, "आई, मी त्यांना पत्र टाकते. ते येऊन प्रोग्राम बदलून देतील. मग मशीन कधीच चुकणार नाही."

आई रस्त्यातच थांबली. रिकामी किटली या हातातून त्या हातात घेतली.

"यशे," ती म्हणाली, "ते मशीन नीट करू नगंस हां."

नाही केलं.